आठवीच्या पोरांना आपल्याच एरियाचा इतिहास शिकवायचाय, सुरुवात कुठून करू? (परळ-लालबाग)

परळची_बाई

नमस्कार मंडळी. मी परळला एका मराठी शाळेत इतिहास शिकवते. सेमी इंग्लिश आहे पण इतिहास मराठीतूनच. गोष्ट थोडी लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आठवीच्या पुस्तकात शेवटचा धडा महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीचा. तो दरवर्षी वर्षाच्या शेवटी येतो, म्हणजे येतो कसला, पळत पळत उरकतो आम्ही. गेल्या वर्षी उरकताना सहज विचारलं की हुतात्मा चौक कोणी कोणी बघितलाय, तर बेचाळीसपैकी सात हात वर. मग म्हटलं की अरे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेले कितीतरी जण आपल्या गिरणगावातले होते, तर मागच्या बाकावरून एक जण, "बाई, गिरणगाव म्हणजे कुठल्या तालुक्यात?" हा मुलगा राहतो लालबागला. त्याच्या खिडकीतून मिलची चिमणी दिसते. वर्ग हसला, मी पण हसले, पण घरी जाताना ट्रेनमध्ये तेच डोक्यात.

मग प्रोजेक्ट दिला, 'आपला परिसर'. काय आलं सांगू? एकतीस जणांकडून लालबागच्या राजाची तीच ती प्रिंटआउट, निळ्या लिंकांसकट. १९३४ साल सगळ्यांना पाठ, पण मूर्ती बसते त्या बाजाराचं काय झालं होतं, नवस कसला होता, कोणाचा होता, हे एकालाही सांगता येईना. चारपाच जणांनी हाफकिन इन्स्टिट्यूटचा फोटो चिकटवला. बाकीच्यांनी दिलाच नाही.

आणि एका मुलीने आजीची वही आणली. आजी खानावळ चालवायची, घरातच, अठरा-वीस गिरणीवाले जेवायला. वहीत प्रत्येकाचं नाव, किती दिवस जेवला, किती खाडे, पगाराला किती दिले, किती राहिले. १९८२ च्या, म्हणजे गिरणी संपाच्या वर्षाच्या पानांवर एकेका नावावर रेघ मारलेली आणि पुढे बारीक अक्षरात 'गावी'. जानेवारीत कुणीच नाही, मग एक, मग दोन, गणपतीपर्यंत अर्ध्या नावांपुढे गावी गावी गावी. मी वर्गात ते पान वाचून दाखवलं तर चाळीस पोरं गप्प. असं माझ्या तासाला कधी होत नाही हो.

तर यंदा मला हे नीट करायचंय. पण तीन अडचणी. एक, वेळ. दुसरी, एक पालक येऊन म्हणाले की संप-बिंप कशाला काढता, आमच्या घरात त्यावरून अजून भांडणं होतात, किल्ले शिकवा की. तिसरी म्हणजे माझ्या वर्गात आठ-दहा मुलं अशी आहेत ज्यांचे आईबाप पाच-सात वर्षांपूर्वी इथे आलेत, कुणी बीडहून, कुणी आझमगडहून. त्यातली एक म्हणाली, "बाई आमचा काय इतिहास नाय इथे, मी काय लिहू?" हिला काय उत्तर द्यायचं ते मला खरंच सुचलं नाही.

कोणी केलंय का असं काही? अनुभव सांगा प्लीज.

पोर्शन_संपवा

मॅडम तुमची तळमळ कळते, पण आधी हिशोब करा. आठवीला आता वार्षिक परीक्षेत नापास करता येतं, आधीसारखं ढकलून वर नाही. पोरांना १८५७ आणि १९५७ मधला फरक कळेना झालाय आणि तुम्ही त्यांना खानावळीच्या वह्या वाचायला लावताय. मी पण शिक्षक आहे, उपनगरात. इलेक्शनची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यातून आठवड्याला जे दोन तास मिळतात त्यात मी धडे संपवतो आणि प्रश्नोत्तरं लिहून देतो. निबंध-प्रोजेक्ट म्हणजे शेवटी आईच करते, नाहीतर झेरॉक्सवाला. राग मानू नका, खरं ते लिहिलं.

जुना_खडू

बाई, वरच्या सरांचं पूर्ण चुकीचं नाही, वेळ नसतोच. मी ३१ वर्षं शिकवलं, पहिली काही दादरला, नंतरची सगळी शिवडी-काळाचौकी भागात, आणि पहिली दहा वर्षं मी पण धडे संपवणाराच होतो. पण आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर चालणारं, आहेच ना, सातवी-आठवीला त्याला चाळीस टक्के भार आहे, तिथे प्रकल्प द्यायचाच असतो, मग राजाच्या प्रिंटआउटला मार्क देण्यापेक्षा हे बरं. वेगळा तास मागायला जाऊच नका, मिळणार नाही, आणि मिळाला तर पीटीचा मिळेल आणि पोरं तुम्हाला शिव्या घालतील.

चूक कुठे झाली सांगू का, 'आपला परिसर' हा विषयच प्रिंटआउट मागवणारा आहे. मी एकदा असंच केलं आणि अख्ख्या वर्गाकडून सिद्धिविनायक आला. नंतर मी विषय द्यायचं बंद करून प्रश्न द्यायला लागलो, आणि प्रश्न असा की ज्याचं उत्तर मोबाइलमध्ये नाही. तुमच्या बिल्डिंगच्या आधी तिथे काय होतं, आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं. गल्लीतल्या देवळाच्या लादीवर कोणाकोणाची नावं आहेत. हे लादीचं फार मजेशीर असतं, आमच्याकडच्या एका मारुतीच्या देवळात देणगीदारांच्या नावापुढे गावाचं नाव आणि गिरणीतलं खातं होतं, पोरांनी त्यावरून नकाशा काढला की या गल्लीत साताऱ्याची माणसं जास्त का आणि पलीकडे रत्नागिरीची का. कोनशिला वाचायला न्या, व्यायामशाळा, पतपेढी, सार्वजनिक वाचनालय, सगळीकडे साल असतं. अर्धा तास पुरतो, शाळेच्या मागची गल्ली सुद्धा चालते.

परळ तर खाण आहे खाण. बारादेवीच्या देवळात शिवाचं ते शिल्प आहे, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं उंच, एकातून एक निघणाऱ्या शिवाच्या सात मूर्ती, पाचव्या-सहाव्या शतकातलं मानतात. ते सापडलं १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना. म्हणजे रस्ता खणणाऱ्या मजुराच्या पहारीला लागलं असणार. दादर-परळच्या किती शिक्षकांनी बघितलंय? मी स्वतः नोकरीला लागल्यावर चौदा वर्षांनी बघितलं, लाज वाटली. जाताना आधी चौकशी करून जा, एरवी उघडं असेलच असं नाही. महाशिवरात्रीला गर्दी असते.

आणि एक धागा देतो, मी तो दरवर्षी वापरायचो. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. मांडवीच्या बंदराकडून सुरू झाला, माणसं शहर सोडून पळाली, गिरण्या ओस पडल्या. त्यातून एकीकडे हाफकिनने १८९७ मध्ये लस काढली, आणि ती प्रयोगशाळा पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, आज तुमची मुलं ज्याचा फोटो चिकटवतात ती इमारत. दुसरीकडे सरकारला वाटलं की दाटीवाटीच्या घाणेरड्या वस्त्या हेच रोगाचं मूळ, म्हणून १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्या ट्रस्टने वस्त्या पाडल्या, रस्ते काढले आणि चाळी बांधल्या, त्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी. त्यातल्याच परळच्या चाळीत १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेब राहत होते आणि तिथून जवळच दामोदर हॉलला १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा सुरू झाली. मी फळ्यावर एका टोकाला 'उंदीर' लिहायचो आणि दुसऱ्या टोकाला 'बाबासाहेबांची खोली', आणि मधल्या पायऱ्या पोरांनी भरायच्या. तुमच्या आताच्या पोरांनी लहानपणी का होईना लॉकडाऊन बघितलाय, त्यांना मधल्या पायऱ्या आमच्या वेळच्या पोरांपेक्षा लवकर कळतील.

मुलाखतीचं एक सांगून थांबतो, नाहीतर माझं भाषण होईल. "तेव्हा कसं होतं आजोबा?" असं विचारलं की आजोबा म्हणतात फार छान होतं, आताची पिढी बिघडली, संपला इतिहास. विचारायचं पगार कितव्या तारखेला, हातात कोण घ्यायचं, पहिला खर्च कशावर, गावी मनिऑर्डर किती, खोलीत किती माणसं. आणि एकाच गोष्टीबद्दल दोन माणसांना विचारायचं. दोघांचं जुळत नाही ना, तिथून खरा तास सुरू होतो. हुतात्म्यांचा आकडाच घ्या, कुणी १०५ सांगतो, कुणी १०६, कुणी १०७. पाठ करायला लावू नका, असं का होत असेल ते विचारा. कोण कधी गेलं, जखमी होऊन नंतर गेलेला मोजायचा की नाही, यादी कोणी केली. आठवीच्या पोराला हे कळतं.

वरळीची_पोर

मी शिक्षक नाही, पण खडू सरांचं वाचून राहवलं नाही. मी वरळी कोळीवाड्यातली. शाळेत मला कोळी म्हणजे काय शिकवलं? मुंबईचे मूळ रहिवासी, व्यवसाय मासेमारी, सण नारळी पौर्णिमा, आणि गॅदरिंगला दरवर्षी मला डोक्यावर टोपली देऊन नाचवायचे. संपला आमचा इतिहास एका वाक्यात आणि एका गाण्यात.

कोणी हे शिकवलं नाही की आमच्या बाजूचा समुद्र भरून ब्रीच कँडीची खाडी बंद केली १७८० च्या दशकात, हॉर्नबी व्हेलार्ड नावाचा बांध, आता ज्यावरून सगळ्यांच्या गाड्या जातात. त्याची गोष्ट आजी सांगायची की बांध सारखा वाहून जायचा, मग इंजिनिअर रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढल्या, महालक्ष्मीचं देऊळ झालं आणि बांध टिकला. आता यातलं खरं काय आणि गोष्ट काय हे वर्गात बोलायला किती भारी आहे! पण बाईंनी म्हटलं असतं ना की खोटं आहे, मी आजीच्या बाजूने भांडले असते. म्हणजे खोटं न म्हणता शिकवायला पाहिजे. असं सांगतात, आणि कागदावर असं आहे.

आणि इतिहास म्हणजे जुनंच का? कोस्टल रोडच्या वेळी आमच्या लोकांनी क्लीव्हलँड बंदरासमोर काम अडवलं, कारण पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटरच अंतर ठेवलं होतं, भरतीला बोट तिथून काढायची म्हणजे खांबावर आपटणार. आमचं म्हणणं २०० मीटर पाहिजे. २०२२ च्या डिसेंबरला १२० मीटरवर आलं. माझ्या भावाच्या पोराला हे सगळं तोंडपाठ आहे, कुठला खडक कुठे, पाणी कुठून ओढतं. शाळेत विचारतात पानिपतची तारीख. पानिपत पण पाहिजे हां, नाहीतर इथे भांडण लागेल 😄

गाळा_नंबर_८

बाई, तुमच्या त्या वहीबद्दल वाचून आमच्या आईला वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि मग म्हणाली, आपले पण तीनशे रुपये राहिले होते खानावळवाल्या मावशींचे.

वडील गिरणीत रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. वीस वर्षं. आधी बदली, सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं नाहीतर परत. संप लागला १८ जानेवारी १९८२ ला तेव्हा मी तिसरीत. अडीच लाख माणसं एका दिवसात घरी बसली, आम्हा पोरांना मजा वाटली, बाबा घरी! मग शाळेची फी, मग आईचं मंगळसूत्र, मग गाव. मी चौथी-पाचवी गावच्या शाळेत केली. आमच्या घरात आजपण दोन पक्ष आहेत. वडील शेवटपर्यंत डॉक्टरसाहेब म्हणायचे संपाचे पुढारी दत्ता सामंतांना, फोटो होता घरात. आणि काका म्हणतो त्यांनी आपल्याला खड्ड्यात घातलं, मालकांना गिरण्या बंदच करायच्या होत्या त्यांना आयतं कारण मिळालं. दिवाळीला दोघं एकत्र बसले की आई आधीच सांगून ठेवायची, संप नको. त्यामुळे तुमच्या त्या पालकांचं मला कळतं बाई. पण मला विचाराल तर शिकवा. फक्त निकाल देऊ नका. आमच्या बापाचा आणि काकाचा दोघांचा मान राहील असं शिकवा.

आता कागदांचं. जुन्या गिरणी कामगाराच्या घरात एक प्लास्टिकची पिशवी असतेच, कपाटात वरच्या खणात. त्यात गिरणीचं तिकीट, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, पीएफची स्लिप, सर्व्हिस सर्टिफिकेट. फेकत नाहीत, कारण गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीला १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर कामावर होता याचा पुरावा लागतो. कितीतरी घरांची आशा अजून त्या पिशवीत आहे. म्हणून हात जोडून सांगतो, पोरांना ओरिजिनल शाळेत आणायला लावू नका. मोबाइलवर फोटो काढा आणि पिशवी परत कपाटात.

आणि एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, लिहितोच. आमचा पणजोबा पण गिरणीत होता, आजोबा पण, वडील पण. तिन्ही पिढ्या रिंगखात्यात. लहानपणी मी विचारलं होतं की साच्यावर, म्हणजे लूम चालतात त्या खात्यात, पगार जास्त तर तिकडे का नाही गेलात? वडिलांनी विषय बदलला. कॉलेजला गेल्यावर कळलं. साचाखात्यात धोट्यात, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या शटलमध्ये, सुताची नवीन कांडी घातली की धागा तोंडाने ओढून बाहेर काढायला लागायचा, एकाच धोट्याला दहा जणांचं तोंड, आणि बाकीच्यांचं म्हणणं आमच्या, म्हणजे दलित माणसाचं तोंड लागलेलं चालणार नाही. म्हणून जास्त पगाराचं खातं बंद आमच्यासाठी. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा काढला की मालकाकडे मागण्या करताय तर ही पण मागणी घाला. लाल बावटा, एकजूट, सगळं खरं आहे, मी ती गाणी म्हणत मोठा झालो. आणि हे पण खरं आहे. गिरणगाव शिकवाल तर दोन्ही शिकवा. नुसतं भजनी मंडळ, दहीहंडी, आपली चाळ किती छान, असं केलं तर माझ्यासारख्याचं पोर गप्प बसून ऐकेल आणि त्याला कळेल की आपल्या घरातलं इथे बोलायचं नसतं.

पोर्शन_संपवा

गाळा दादा, हे माहीत नव्हतं. बीएड झालंय माझं, इतिहास घेऊन. धोट्याचं कधी कोणी सांगितलं नाही.

तरी वेळेचं माझं म्हणणं कायम आहे 🙏 पण उंदीर ते बाबासाहेबांची खोली हे मी ढापतोय, प्लेग तर आमच्याकडे पण आला होता.

जुना_खडू

ढापा हो, बिनधास्त ढापा.

बाई, त्या नवीन आलेल्या मुलीचं राहिलं. तिला सांगा की या भागात 'मूळचं' असं फार थोड्यांचं. गिरणीवाला रत्नागिरी-साताऱ्याहून आला तेव्हा तोही नवीनच होता, आणि खोलीत जागा मिळायची ती गावच्या मंडळाच्या ओळखीने. तिला विचारायला लावा वडिलांना, की मुंबईत पहिल्या रात्री कुठे झोपलात, कोणाच्या ओळखीने आलात, पहिलं काम कोणी लावलं. आणि हेच तीन प्रश्न दुसऱ्या एखाद्या पोराने आपल्या आजोबांना विचारायचे. मग दोन कागद शेजारी शेजारी ठेवा. मी हे केलं होतं एकदा, एक सोलापूरचा आजोबा आणि एक गोरखपूरचा बाप, गावांची नावं झाकली तर ओळखू येईना कोण कुठला.

आणि मुंबईचं जुनं गॅझेटियर आहे १९०९ चं, तीन खंड, इंग्रजीत आहे, नेटवर मिळतं. पोरांना देऊ नका, झोपतील. तुम्ही वाचा आणि एखादा उतारा मराठीत करून द्या. फक्त जागांच्या नावांचं जपून. चिंचपोकळी म्हणजे चिंच आणि पोफळी, परळ म्हणजे पाडळीचं झाड, वडाळ्याला वड, असं सगळे सांगतात, पोरांना आवडतंही, पण प्रत्येक नावाला तीन तीन व्युत्पत्त्या आहेत आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. वहीत 'असं सांगतात' लिहायची सवय लावा.

परळची_बाई

सगळ्यांचे किती आभार मानू. गाळा दादा, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. माझं माहेर लालबागचं, वडील साचाखात्यात होते. धोटा घरात शोपीससारखा ठेवलेला आहे अजून, टीव्हीच्या वर. मला ही गोष्ट माहीत नव्हती, किंवा माहीत करून दिली गेली नव्हती. काल रात्री बाबांना फोन केला. बराच वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, हो, तसंच होतं आधी, आमच्या वेळी कमी झालं होतं पण बोलणी चालायची. तो धोटा मी वर्गात नेणार आहे.

बाकी ठरलं ते असं, की परिसर-बिरिसर काही नाही, अख्ख्या वर्गाला एकच प्रश्न, तुमच्या घरातलं कोण मुंबईत पहिल्यांदा आलं आणि पहिली रात्र कुठे काढली, दोन माणसांना विचारायचं, कागदांचे फक्त फोटो, आणि दिवाळीनंतर एका शनिवारी बारादेवी ते दामोदर हॉल पायी. हेडसरांना विचारलं, ते म्हणाले करा पण गणपतीचं पण काहीतरी घाला. घालते. मंडळाच्या जुन्या वर्गणीच्या पावत्या मिळाल्या तर त्या घालते. खानावळवाल्या आजी वर्गात यायला तयार आहेत, फक्त म्हणतात स्टेजवर बसवू नका, खाली सतरंजीवर बसेन.

एका मुलाने प्रश्न काढून ठेवलाय आधीच, भोंगा किती वाजता व्हायचा. मला सकाळचा आठवतो, बाकीचे नाही.

गाळा_नंबर_८

पहिली पाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, रात्रपाळी बारा ते सात. पाळी सुरू व्हायच्या आधी भोंगा. आणि त्या पोराला हे पण सांगा, आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत तिन्ही पाळ्यांची माणसं त्याच अंथरुणावर झोपायची, एक उठला की दुसरा आडवा, म्हणून एवढ्याशा खोलीत वीस-पंचवीस जण मावायचे. अंथरूण कधी थंडच व्हायचं नाही असं वडील सांगायचे.

परळची_बाई

लिहून घेतलं. आता आजींना विचारते, मग जेवणाच्या पंगती किती उठायच्या.